गांडूळखताचा घरगुती डबा: बिछाना सांभाळा, गांडुळं आपलं आपण बघतील

गांडूळ भाजीची सालं खात नाही, निदान ताजी तरी नाही. त्याला दात नसतात. साल आधी जिवाणू आणि बुरशी मऊ करतात, कुजवतात. मग तो लगदा वरच्या जिवाणूंसकट गांडूळ गिळतं आणि पोटातल्या पेषणीत, सोबत गिळलेल्या बारीक खड्यांच्या आधारानं, दळतं. डबा बिघडतो तो बहुतेक वेळा हे विसरल्यामुळे. आपण ओला कचरा टाकत राहतो आणि गांडुळं तो संपवतील म्हणून वाट बघतो. तिकडे जिवाणूंना हवा पुरत नाही, कचरा आंबतो, डबा तापतो आणि गांडुळं पळायला वाट शोधू लागतात. म्हणून माझं सांगणं असं की लक्ष गांडुळांवर नको, ती ज्यात राहतात त्या बिछान्यावर ठेवा. तो ओलसर, मोकळा आणि हवेशीर असला की गांडुळांसाठी वेगळं फारसं काही करावं लागत नाही.

गांडुळं कोणती घ्यायची

बागेत खणताना सापडलेली गांडुळं डब्यात टाकू नका. ती बहुतेक खोल बिळं करून राहणारी, माती खाणारी असतात. उथळ डब्यात तगत नाहीत. आपल्याला हवीत ती पालापाचोळ्यात, शेणाच्या ढिगात, जमिनीच्या वरच्या थरात राहणारी.

त्यांत सर्वांत सोशिक म्हणजे लाल गांडूळ, आयसेनिया फेटिडा. १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमानात ते खूश असतं आणि थोडं इकडेतिकडे झालं तरी सहन करतं. युड्रिलस युजेनी हे आफ्रिकी गांडूळ आकारानं मोठं. उष्ण हवेत भराभर खातं, थंडीत मात्र लवकर दगावतं. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस हे निळसर झाक असलेलं, चपळ गांडूळ उष्ण हवेत कामाला चांगलं. पण हवा पालटली, जोराचा पाऊस यायचा झाला की डबा सोडून निघून जाण्याबद्दल ते प्रसिद्ध आहे. पहिलाच डबा असेल आणि हवा फार उष्ण नसेल, तर लाल गांडूळच घ्या. दोन-तीन माणसांच्या घराला अर्धा किलो गांडुळं पुष्कळ झाली. घेताना ती नुसती न घेता त्यांच्या जुन्या खतासकट घ्या, कारण त्या खतात जिवाणूही येतात आणि गांडुळांच्या अंड्यांचे कोषही.

डबा आणि जागा

डबा खोल नको, पसरट हवा. ही गांडुळं वरच्या वीस-तीस सेंटीमीटरांतच वावरतात. त्याखाली साचतो तो दबलेला, हवा नसलेला चिखल. साधारण ६० सेंटीमीटर लांब, ४० रुंद आणि ३० खोल असा अपारदर्शक डबा सुरुवातीला बास. गांडुळांना उजेड सोसत नाही, त्यामुळे पारदर्शक डबा आणलाच असेल तर बाहेरून जाड कापड किंवा पुठ्ठा गुंडाळा.

बुडाला पाणी निथळायला चार-पाच मिलिमीटरची भोकं पाडा आणि खाली ताट ठेवा. बाजूंना, वरच्या कडेजवळ, हवेसाठी भोकांची ओळ हवी. आतून बारीक जाळी चिकटवली की माश्यांचं येणंजाणं थांबतं. डबा विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवा, नाहीतर बुडाची भोकं ताटाला टेकून बुजतात. प्लास्टिकच्या डब्यात ओल साचते, लाकडी किंवा मातीच्या भांड्यात ती उडून जाते. पाणी घालायचं की नाही हे त्यावरच ठरतं.

जागा सावलीतली आणि शांत निवडा. शांत म्हणजे आवाज नको असं नव्हे, कंप नको. चार्ल्स डार्विननं कुंड्यांत गांडुळं पाळून हे तपासलं होतं: शेजारी पियानो वाजवला तर ती ढिम्म, पण कुंडी पियानोवर ठेवून सूर लावला की झटकन बिळात. तेव्हा धुण्याच्या यंत्राशेजारचा मोकळा कोपरा कितीही सोयीचा वाटला तरी तिथे डबा ठेवू नका.

बिछाना

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. कोरा पुठ्ठा, छपाईचा साधा कागद, अंड्यांचे कागदी ट्रे, वाळलेली पानं, नारळाचा भुसा, यांतलं जे मिळेल ते चालतं आणि दोन-तीन प्रकार एकत्र केले तर फारच छान. नुसता कागद ओला झाला की थापून बसतो. पुठ्ठ्याच्या नळ्यानळ्यांच्या थरांत मात्र हवा टिकते. चकचकीत कागद, चिकटपट्टी, प्लास्टिकचा मुलामा असलेले कप नकोत. बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडा. कात्रीपेक्षा हातानं फाडलेला पुठ्ठा बरा, त्याच्या दातेरी कडा पाणी लवकर पितात.

पट्ट्या काही तास पाण्यात भिजवा आणि घट्ट पिळा. मुठीत धरून जोरानं दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब आला पाहिजे. धार लागली तर जास्त ओलं. हात नुसता गार लागला आणि थेंबच आला नाही तर कोरडं. गांडूळ कातडीनं श्वास घेतं. कातडी ओली नसेल तर ते गुदमरतं, आणि पाण्यानं फटी भरून हवा संपली तरी गुदमरतं. ही मूठ दाबून बघायची सवय एवढ्यासाठीच.

पिळलेला बिछाना डब्यात फुलवून १५ ते २० सेंटीमीटर भरा. त्यात दोन मुठी तयार खत किंवा बागेतली माती मिसळा, म्हणजे जिवाणू आले आणि पेषणीसाठी बारीक खडेही. अंड्याची कवचं वाळवून, पार पीठ करून मूठभर घाला. मोठे तुकडे वर्षानुवर्षं तसेच राहतात, पीठ मात्र आंबटपणा मारायला उपयोगी पडतं. मग थोडी सालं पुरून डबा आठवडाभर नुसता ठेवून द्या. ही वाट बघणं लोकांना जड जातं, पण रिकाम्या, निर्जीव कागदात सोडलेली गांडुळं पहिल्याच रात्री झाकणावर चढतात.

गांडुळं सोडताना

ती बिछान्यात मिसळू नका, वर पसरा आणि झाकण उघडं ठेवून दिवा लावा. उजेड टाळायला ती स्वतःच खाली जातात. तासा-दीड तासानंतरही वरच पडून राहिलेली बहुधा प्रवासात जखमी झालेली असतात. ती काढून टाका. पहिले दोन-तीन दिवस रात्री डब्याजवळ मंद दिवा चालू ठेवला तर पळापळ होत नाही. नंतर रात्री डोकवायचं असेल तर लाल प्रकाश वापरा, त्याला ती फारशी बुजत नाहीत.

खायला किती, कसं, काय

लाल गांडूळ रोज आपल्या वजनाच्या निम्मं खातं असं सगळीकडे सांगितलं जातं. ते जमलेल्या, जुन्या डब्याबद्दल खरं धरा. नव्या डब्यात अर्धा किलो गांडुळांना पहिले काही आठवडे रोज १०० ग्रॅम पुरेत, तेही रोज न देता दोन-तीन दिवसांचं एकदम. पुढे वाढवायचं ते एकाच खुणेवर: मागचं घातलेलं जवळपास ओळखू येईनासं झालं की पुढचं द्यायचं. भुकेनं डबा मेल्याचं क्वचितच ऐकू येतं, कारण पुठ्ठा आणि पानंही त्यांचं खाणंच आहे. डबे मरतात ते लाडानं.

मनातल्या मनात डब्याचे सहा भाग करा. आज एका कोपऱ्यात खळगा करून सालं टाकायची, वर चार-पाच सेंटीमीटर बिछाना ओढायचा. पुढच्या वेळी शेजारचा भाग. फेरी पूर्ण होऊन पहिल्या कोपऱ्यात परत येता तेव्हा तिथे काय उरलंय यावरून डब्याची भूक कळते. आणि एक कोपरा बिघडला तरी गांडुळांना सरकायला बाकीची जागा असते.

दुसरा नियम मापाचा. भाज्या-फळांत ८० ते ९० टक्के पाणीच असतं आणि ते सगळं डब्यात उतरतं. म्हणून एक वाटी सालांबरोबर एक वाटी फाडलेला कोरडा पुठ्ठा, दर वेळी, न चुकता. एवढं एक पाळलं तर पुढच्या बऱ्याच तक्रारी उद्भवतच नाहीत. कर्ब आणि नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं असं म्हणतात, ते घरात मोजत बसायची गरज नाही. वाटीला वाटी लावली की पुरेसं जवळ जातं.

सालं बारीक चिरली तर लवकर कुजतात. आदल्या रात्री बर्फाच्या कप्प्यात ठेवून, पुन्हा साध्या तापमानाला आणून घातली तर आणखी लवकर, कारण गोठताना पेशी फुटतात. शिवाय सालावरची माश्यांची अंडीही बहुतेक मरतात. मिक्सरमधून काढून लगदा करू नका. तो थापून बसतो, आत हवा जात नाही आणि डबा तापतो.

फळं-भाज्यांची सालं, देठ, चहाचा चोथा, कॉफीचा चोथा, कुजकी फळं, वाळलेली फुलं हे निर्धास्त घाला. चहाच्या पिशव्यांपैकी बऱ्याचशा प्लास्टिकच्या धाग्याच्या असतात, त्या फाडून आतला चोथाच घ्या. लिंबू-संत्र्याची सालं, कांदा, लसूण, मिरची चिमूटभरच. मीठ, तेल, तिखट पडलेलं शिजवलेलं अन्न, मांस, मासे, दूध आणि दुधाचे पदार्थ नकोत. मीठ गांडुळाच्या उघड्या कातडीला झोंबतं, बाकीचं सडून घाण वास सोडतं आणि उंदरांना बोलावतं. कुत्र्या-मांजरांची विष्ठाही नको: हा डबा तापून निर्जंतुक होणारा ढीग नव्हे, त्यातले रोगजंतू आणि जंतांची अंडी तगून राहू शकतात. जनावरांचं शेण उत्तम, पण ते बरंच जुनं हवं, आणि जनावराला नुकतंच जंताचं औषध दिलेलं नको. त्या औषधाला जंत आणि गांडूळ यांतला फरक कळत नाही.

आठवड्यातून एकदा

पाहणी पाच मिनिटांची. झाकण उघडताच आधी वास घ्या, मग बघा, मग हात घाला. निरोगी डब्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो किंवा येतच नाही. हातानं एक कोपरा बुडापर्यंत हळूच उचलून बघा; वर सगळं छान आणि खाली काळा चिखल, असं नेहमी होतं. काटेरी अवजारं वापरू नका. आणि हो, तुटलेल्या गांडुळाची दोन गांडुळं होत नाहीत. डोक्याकडच्या भागाला कधीकधी नवी शेपटी फुटते, शेपटीकडचा भाग मरतो.

बघताना कोष शोधा, डब्याच्या तब्येतीचा तोच खरा दाखला. तीन-चार मिलिमीटरचा, इवल्या लिंबाच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता मणी असतो. ताजा असतो तेव्हा फिकट पिवळसर, उबायला आला की तांबूस-तपकिरी. उजेडाकडे धरला तर आतली वळवळ दिसते. एका कोषातून बहुधा दोन ते चार पिल्लं निघतात, साधारण तीन-चार आठवड्यांनी. आणखी दोन-अडीच महिन्यांत त्यांच्या अंगावर जाडसर पट्टा दिसू लागतो, म्हणजे ती वयात आली. नवं पिल्लू दोऱ्याएवढं असतं, पण पारदर्शक अंगातून मधली लाल रक्तवाहिनी दिसते. पांढरे फटक, दोऱ्यासारखे किडे झुंडीनं दिसले तर ती पिल्लं नव्हेत, ते एन्किट्रेइड नावाचे वेगळे कृमी. निरुपद्रवी, पण ते वाढले की डबा जास्त ओला आणि आंबट झालाय असं समजा.

बिघडलंच तर

सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा संपली. आठवडाभर खाणं बंद करा, बुजलेली भोकं तारेनं मोकळी करा, बिछाना हातानं खालवर करून त्यात भरपूर कोरडा पुठ्ठा मिसळा आणि दिवसा काही तास झाकण किलकिलं ठेवा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास असेल तर नत्र जास्त झालंय: गवत, शेण किंवा हिरवा पाला एकदम पडलाय. तो काढा, जागी कोरडी पानं द्या. आंबूस वास फळांच्या ढिगाचा. तिथेही तोच उपाय, वर अंड्याच्या कवचाचं पीठ. पिठाऐवजी चुनखडीची बारीक पूड चालते. कळीचा चुना किंवा विरवलेला चुना मात्र कदापि नाही, तो गांडुळांना जाळतो.

आंबटपणा वाढून, विशेषतः पिष्टमय आणि प्रथिनयुक्त खाणं जास्त झालं, तर एक विचित्र दुखणं दिसतं. गांडुळाचं अंग जागोजाग फुगतं आणि मध्ये आवळल्यासारखं होतं, माळेतले मणी दिसावेत तसं. मग ते फुटतं. पोटात आंबून वायू धरल्यामुळे हे होतं. अशी गांडुळं वाचत नाहीत, पण बाकीची वाचतात. त्यांना त्याच दिवशी ताज्या, ओलसर बिछान्यात हलवा आणि आठवडाभर काही घालू नका. मेलेली गांडुळं शोधून सापडत नाहीत हेही लक्षात ठेवा. अंग बहुतांशी पाण्याचं, एक-दोन दिवसांत विरघळून जातं. संख्या रोडावलेली दिसते एवढंच.

सगळी गांडुळं एकदम भिंतीवर, झाकणावर चढली असतील तर आतलं काहीतरी त्यांना असह्य झालंय. आधी मधोमध हात घालून ऊब तपासा. पाऊस-वादळाच्या आधी थोडी चढतात आणि झाकणाच्या दवावर दोन-चार छोटी नेहमीच फिरत असतात, त्याची काळजी नको.

डब्यातले पाहुणे

चिलटं झाली म्हणजे सालं उघडी राहिली. बिछाना जाड करा, वर ओल्या वर्तमानपत्राची घडी पसरवून ठेवा, शेजारी वाटीत व्हिनेगर आणि साबणाचा एक थेंब. मुंग्या कोरड्या डब्यात येतात: पाणी शिंपडा, डब्याखालचे टेकू पाण्याच्या भांड्यांत ठेवा. कीटकनाशक मारायचं नाही, खडूची रेघसुद्धा नाही. इवले पांढरे, टुणकन उडी मारणारे स्प्रिंगटेल बुरशी खातात, असू देत. इवल्या तांबूस-तपकिरी कोळ्यांचा (माइट्सचा) थर जमला तर कलिंगडाची किंवा खरबुजाची साल पालथी ठेवा, काही तासांत त्यावर ते गोळा होतात. साल उचलून धुवा, पुन्हा ठेवा. उष्ण हवेत ब्लॅक सोल्जर माशीच्या राखाडी, जाड, खवल्यासारख्या अळ्या येतात. गांडुळांना इजा करत नाहीत, पण खाणं फस्त करतात आणि डबा तापवतात. दिसतील तेवढ्या वेचा.

गोम दिसली तर काढायची, ती शिकारी आहे. त्याहून वाईट चपटकृमी: चिकट, चपटा, कधी डोकं अर्धचंद्रासारखं. तो गांडुळांवरच जगतो. हातमोजे घालून उचला आणि दाट मिठाच्या पाण्यात टाका. ठेचू किंवा कापू नका, त्याच्या तुकड्यांचे नवे चपटकृमी होतात.

ऊन आणि थंडी

३५ अंशांच्या पुढे लाल गांडुळं मरू लागतात, आणि उन्हात ठेवलेला प्लास्टिकचा डबा तिथे एका दुपारीत पोचतो. उकाड्यात गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून बिछान्यावर ठेवा, झाकणावर ओलं गोणपाट टाका, खाणं निम्मं करा. १० अंशांखाली गांडुळंही सुस्तावतात आणि जिवाणूही, तेव्हा खाणं कमी आणि बिछाना जाड. गोठू मात्र देऊ नका.

खत काढणं

तीन ते सहा महिन्यांत बिछाना ओळखू येईनासा होतो, सगळं काळं, रवाळ. फार लांबवू नका; स्वतःच्याच विष्ठेत गांडुळं हळूहळू रोडावतात. घाई नसेल तर सगळा माल डब्याच्या एका बाजूला सारा, दुसऱ्या बाजूला नवा बिछाना आणि खाणं द्या. तीन-चार आठवड्यांत बहुतेक गांडुळं तिकडे जातात. आजच हवं असेल तर कापडावर खताचे शंकू करून भरपूर उजेडात ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी वरचा थर हलक्या हातानं काढा, थांबा, पुन्हा काढा. शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो. काढलेल्या खतात कोष राहतातच, ते खत दोन-तीन आठवडे ओलसर ठेवून वर एखादी फळाची साल ठेवली तर निघालेली पिल्लं तिथे सापडतात.

खत कुंडीतल्या मातीत १० ते २० टक्के पुरे. ठेवताना हवा जाणाऱ्या पिशवीत, थोडं ओलसर, सावलीत. डबा तापत नसल्यामुळे टोमॅटो-भोपळ्याचं बी त्यात जिवंत राहतं आणि कुंडीत उगवतं. आवडलं तर ठेवा.

खालच्या ताटात जमणारं तपकिरी पाणी म्हणजे व्हर्मीवॉश, म्हणजे झाडांना घालायचं गांडूळखताचं द्रवखत, नव्हे. व्हर्मीवॉश करतात तो गांडुळांनी भरलेल्या तयार थरातून स्वच्छ पाणी झिरपवून. ताटातलं पाणी अर्धवट कुजलेल्या सालांमधून आलेलं असतं. घाण वास येत असेल तर ओतून द्या. नसेल तर दहापट पाणी मिसळून शोभेच्या झाडांना घाला, कच्च्या खायच्या भाज्यांना नको. आणि ते रोजच जमत असेल तर डबा फार ओला आहे.

बाहेरगावी जाताना

तीन-चार आठवडे गांडुळांना कुणाची गरज नसते. निघण्याआधी नेहमीएवढंच खाणं पुरा आणि वर ओलसर पुठ्ठ्याचा जाड थर चढवा. जास्तीचं खाणं घालून ठेवू नका, परत आल्यावर सडका डबा मिळेल. शेजाऱ्यांना "रोज थोडं घाला" म्हणूनही सांगू नका, ते हौसेनं घालतात.

डबा भरला म्हणून गांडुळं वाढतच राहत नाहीत. जागा आणि खाणं यांच्या मापात ती स्वतःच थांबतात. कुणाला द्यायची झाली तर निवडून नुसती गांडुळं देऊ नका, अर्धा बिछाना त्यातल्या सगळ्या जीवांसकट द्या आणि आपला डबा नव्या पुठ्ठ्यानं भरून काढा. रानात मात्र सोडू नका, परक्या जातीची गांडुळं तिथल्या मातीचं आणि पालापाचोळ्याचं गणित बिघडवू शकतात.